दीड वाजता आराम पडला

आमची पोस्ट काश्मीर खोऱ्यात एका रस्त्याच्या डोक्यावर होती. खालच्या रस्त्याचा साडेतीन किलोमीटरचा तुकडा आमच्या कंपनीकडे. काम एकच, रोड ओपनिंग. लष्कराच्या गाड्यांचा ताफा जायच्या आधी तो तुकडा पायी तपासायचा, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्यांखाली सुरुंग नाही ना बघायचं आणि शेवटची गाडी निघून जाईपर्यंत ठरलेल्या जागी बसून राहायचं. सकाळी सहाला खाली उतरायचो, संध्याकाळी पाचला वर. अकरा तास जागा सोडायची नाही.

हे सविस्तर सांगतोय, कारण त्या काळात माझं पोट माझ्या ताब्यात नव्हतं. बेंबीखाली मुरडा यायचा. कधी दिवसातून पाच वेळा जावं लागायचं, कधी तीन दिवस काहीच नाही आणि पोट ढोलासारखं फुगलेलं. ज्याला अकरा तास एका मोरीवर बसायचंय त्याने काय करायचं, हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

सुरुवातीला मी नियमाप्रमाणे सिक रिपोर्ट दिला. म्हणजे सकाळच्या फॉल-इनच्या, हजेरीच्या रांगेच्या आधी आजारी माणसाचं नाव वहीत लिहायचं आणि त्याला खाली बटालियनच्या एम.आय. रूमला, म्हणजे आमच्या दवाखान्यात पाठवायचं. तिथून मला हॉस्पिटलला धाडलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, नळी घालून आतून बघितलं. सगळं नॉर्मल. डॉक्टरसाहेबांनी कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही. कंपनीने त्याचा अर्थ लावला, मोरे हवालदार नाटकं करतो.

तिसऱ्या सिक रिपोर्टनंतर आमच्या सुभेदारसाहेबांनी सगळ्या प्लाटूनसमोर विचारलं, "मोरे, दुखतंय काय? पोट की ड्युटी?" तीसेक जवान हसले. फौजेत आजाराचं सोंग करणाऱ्याला मॅलिंगरर म्हणतात. तो शब्द एकदा चिकटला की गोळी लागली तरी लोक आधी भोक बघायला मागतात. त्या वर्षी प्रमोशनच्या यादीत माझं नाव आलं नाही. मी चौथा सिक रिपोर्ट कधीच दिला नाही.

त्याऐवजी मी स्वतःच डॉक्टर झालो. ड्युटीच्या आदल्या संध्याकाळी जेवायचं नाही. सकाळी काळा चहा, दोन बिस्किटं. नर्सिंग असिस्टंटकडून मुरड्याच्या गोळ्या मागून घ्यायच्या आणि खिशात ठेवायच्या. कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि रस्त्याकडे बघत राहायचं. चार वर्षं असं निभावलं आणि याचा मला गर्व होता. आज त्या गर्वाची चीड येते.

ही गोष्ट कंपनीत एकालाच माहीत होती. लान्स नायक विनोद सपकाळे. तो कल्याणचा, मी डोंबिवलीचा. घरापासून इतक्या लांब गेल्यावर एवढं अंतर म्हणजे एकाच घरातले. सुट्टीत तो माझ्याकडे यायचा, मी त्याच्या आईच्या हातचं जेवायचो. बाकीच्यांसमोर मी हवालदार, एकटे असलो की दादा. त्याचं वय सव्वीस, निशाणा चांगला, बोलायला भारी. चार दिवसांनी तो नायकाच्या बढतीच्या कोर्सला जाणार होता. ट्रंक भरून ठेवली होती.

त्या दिवशी सकाळी पाच चाळीसला तो माझ्याकडे आला. सिक रिपोर्टची वही माझ्या काखेत होती. नावं मीच लिहायचो.

"दादा, पोट दुखतंय."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून. पहिलं बेंबीपाशी होतं, आता इथे." त्याने उजवीकडे खाली हात ठेवला. "सिक रिपोर्ट देऊ का?"

गाल लाल झाले होते. मला वाटलं थंडीने.

मी काय विचार केला ते जसंच्या तसं सांगतो. आज याचं नाव लिहिलं तर कोर्स गेला. सुभेदारसाहेब म्हणणार, मोरेने चेला तयार केला. माझं झालं ते याचं व्हायला नको. आणि पोटदुखीतलं मला जेवढं कळतं तेवढं त्या एम.आय. रूमला कुठे कळतं?

"माझंच दुखणं लागलं तुला," मी म्हणालो. "कशाला नाव लिहितोस? ह्या घे दोन गोळ्या. काही खाऊ नकोस. गरम पाणी पी. संध्याकाळपर्यंत उतरेल."

"बरं, दादा."

वही तशीच कोरी राहिली. सहाला आम्ही खाली उतरलो.

विनोद दोन नंबरच्या मोरीवर होता. दहा वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर हजेरी घेतली. "दोन नंबर, रिपोर्ट." "ऑल ओके." साडेअकराला मी चालत त्याच्या मोरीपाशी गेलो. तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, अगदी मी बसायचो तसा. मी आणखी एक गोळी दिली. दीड वाजता परत गेलो तेव्हा तो पाय पसरून बसला होता.

"दादा, आराम पडला. एकदम गेलं बघा."

"सांगितलेलं ना?" मी म्हणालो.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं सोसलेलं कुणाच्या तरी कामी आलं असं वाटलं. शीळ घालत मी पुढच्या मोरीकडे गेलो.

तीन वीसला दोन नंबरवरून उत्तर आलं नाही. धावत गेलो. तो कुशीवर पडला होता. ओठ पांढरे, अंगात हुडहुडी. पोटाला हात लावला तर फळीसारखं कडक. मी सेट उचलला.

"अल्फा, ये चार्ली. एक कॅज्युअल्टी. गाडी भेजो. ओव्हर."

"फायर हुआ क्या? ओव्हर."

"निगेटिव्ह. पेट दर्द. ओव्हर."



"पेट दर्द? दोबारा बोलो. ओव्हर."

मी दोबारा बोललो. ताफा रस्त्यावर होता, उलट्या दिशेने गाडी सोडता येत नव्हती. चार वाजून पाच मिनिटांनी गाडी आली. हॉस्पिटलला पोचायला पाच पन्नास झाले. सातला ऑपरेशन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला विनोद गेला.

सर्जनसाहेब मला म्हणाले, अपेंडिक्स दुपारीच फुटलं होतं. फुटलं की आतला ताण जातो आणि माणसाला घटकाभर एकदम बरं वाटतं. म्हणजे दीड वाजता. मी शीळ घालत गेलो तेव्हा.

चौकशी झाली. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, "जवानाने सकाळी आजारी असल्याचं सांगितलं होतं का?" बाहेर सुभेदारसाहेब उभे होते. माझी दोन वर्षांची सर्व्हिस उरली होती. मी म्हणालो, "नाही, साहेब." कागदावर आलं, जवानाने दुखणं लपवलं, उशिरा रिपोर्ट केलं. खाली माझी सही. मी भ्यालो होतो. याला दुसरं नाव नाही.

पोटदुखीने गेला म्हणून युनिटच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव नाही.

रिटायर होऊन मी डोंबिवलीत आलो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. पोट सोबत आलं. डोंबिवलीत पोट दुखतंय असं चुकूनही बोलू नये. आमच्या सोसायटीत तेवीस बिऱ्हाडं आणि तेवीस वैद्य. ओवा चावा. कोमट पाण्यात तूप घ्या. दूध प्या, थंड असतं. दुधाने तर मी आडवाच व्हायचो. आणि सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य, "टेन्शन घेऊ नका हो मोरे." जणू टेन्शन मी दुकानातून आणून घेतो. एकाला मी जिन्यातच झापलं. नंतर त्याच्या बायकोने माझ्या बायकोशी बोलणं सोडलं.

कुठे जायचं तर आधी रेकी. घरापासून ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोपर्यंत कुठलं शौचालय उघडं, कुठल्याची कडी तुटलेली, कुठे पाणी नाही, माझ्या डोक्यात नकाशा होता. पुतणीच्या लग्नात मी अक्षता पडेपर्यंत हॉलच्या संडासात होतो. लोक म्हणाले, फौजी माणूस, शिष्ट असतो.

दरवर्षी विनोदच्या दिवशी मात्र मी कल्याणला जायचो. चाळीतली खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी युनिफॉर्ममधला विनोद. घर मूळचं खानदेशातलं. त्याची आई भरीत करायची. हिरवी मिरची आणि लसूण सढळ हाताने, विनोदला आवडायचं तसं. मी दोन भाकऱ्या खायचो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात तळमळायचो. कधी नको म्हटलं नाही. तेवढी शिक्षा मला हवी होती.

आणि दरवर्षी ती नातेवाईकांना तेच सांगायची. "लहानपणापासून मुका. शाळेत हात मोडलेला तरी बोलला नव्हता. माझंच चुकलं, मी त्याला रडू द्यायची नाही." मी खाली मान घालून भरीत खायचो.

गेल्या वर्षी बायकोने मला जवळजवळ ओढतच ठाण्याला नेलं. खोपटला डेपोच्या मागे एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. वय पस्तिशीचं असेल. मी फाईल पुढे सरकवली आणि म्हणालो, "सगळं नॉर्मल आहे. मला माहीत आहे."

तिने फाईल उघडली नाही. विचारत सुटली. ताप येतो? वजन घटलंय? रक्त पडतं? दुखण्याने झोपेतून उठवलंय कधी? दुखणं एका जागेवरून सरकून दुसरीकडे जाऊन बसलंय? मी प्रत्येकाला नाही म्हणत होतो. शेवटचा प्रश्न मी तिला परत विचारायला लावला. मला विनोदचा हात दिसत होता, आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली.

मग तिने झोपवून पोट चाचपलं. उजवीकडे दाबलं आणि झटकन हात काढला. "सोडल्यावर कळ आली?"

"नाही. आली असती तर?"

"तर तुम्हाला इथे बसवलं नसतं काका, सरळ ऑपरेशनला पाठवलं असतं." ती खुर्चीत बसली. "तुम्हाला आयबीएस आहे. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, म्हणून तपासण्यांत दिसत नाही. पण आतडं चिडकं झालंय. दुखतं ते खरंच दुखतं."

दुखतं ते खरंच दुखतं. हे एक वाक्य मला वीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी तिच्यावरच भडकलो. "हे आधी का नाही सांगितलं कुणी?" बायको ओशाळली. डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, "आता सांगतेय ना?"

तिने वही ठेवायला सांगितली. किती वाजता काय खाल्लं, किती वाजता दुखलं. ते काम फौजी माणसाला सांगावं लागत नाही. तीन आठवड्यांत वहीने गुन्हेगार पकडून दिले. दूध, कच्चा कांदा, लसूण आणि उपाशी राहणं. माझी सगळी उपाशीपोटीची बहादुरी दुखणं वाढवत होती. वेळेवर थोडंथोडं खायचं, जेवणाआधी गोळी, सकाळी पाऊण तास चालायचं. सहाव्या आठवड्यात पुरे आठ दिवस कळ आली नाही. आजही येते कधीतरी, पण येऊन जाते.

आराम पडला. लोकांना वाटलं मी खूश असेन. मी घरात भांडी आपटत होतो. पाच प्रश्न आणि एक हात, एवढंच लागत होतं. ते दुसऱ्यांनी मला विचारले नाहीत, आणि मी विनोदला विचारले नाहीत.

यंदा कल्याणला गेलो. नातेवाईक यायचे होते, आई एकटीच होती. तिने ताट वाढलं. मी भरीत बाजूला सारलं.

"का हो दादा?"

"पोटाला चालत नाही, आई."

"इतकी वर्षं खात आलात की."

"दोन दिवस दुखायचं. तरी खायचो."

"मग कशाला खायचात?"

भाकरीचं पीठ तिच्या हाताला तसंच होतं. मी सांगितलं. "विनोदने लपवलं नव्हतं, आई. सकाळीच मला सांगितलेलं. सिक रिपोर्ट देऊ का विचारलेलं. मी नको बोललो. माझ्याकडच्या गोळ्या दिल्या. चौकशीत मी खोटं बोललो."

तव्यावरची भाकरी करपली.

"ताप होता त्याला?"

"असेल."

"असेल म्हणजे? हात लावून बघितलास की नाही?"

इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच अरे-तुरे बोलली.

"नाही."

तिने तवा उतरवला. माझ्यासमोरचं ताट उचलून नेलं. मी उठायला लागलो.

"बस खाली," ती म्हणाली. तिने कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. मग मऊ भात आणि मीठ माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "मला एकटीला सांगून काय होतं? सगळे माझ्या पोराला मुका म्हणतात. मीही म्हणत आले. आज सगळे आले की त्यांच्यापुढे सांग. तुमच्या साहेब लोकांना लिही. कागदावर लिहिलेलं खोटं आहे म्हणून लिही."

दुपारी सगळ्यांपुढे सांगितलं. विनोदचा काका माझ्या अंगावर धावून आला. आईने त्याला आवरलं नाही, शेजाऱ्यांनी आवरलं. दुसऱ्या दिवशी युनिटला पत्र पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तर परत लिहीन.

तोवर त्या सकाळी वहीत लिहायची राहिलेली नोंद इथे करतो.

लान्स नायक विनोद सपकाळे. सकाळी पाच चाळीस. पोटात उजव्या बाजूला खाली दुखत असल्याचं वेळेवर, स्पष्ट सांगितलं. सिक रिपोर्ट मागितला. नाकारणारा, हवालदार मोरे.