एकवीस इंचाची पट्टी

राजापेठेत किशोर सरांच्या क्लासच्या जिन्याखाली सबीहा आपांचं शिलाईचं दुकान आहे. एक मशीन, एक आरसा आणि थांबणाऱ्यांसाठी एक बाकडं. मागच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला माझी ओवी अंतराळवीर होणार होती, म्हणून सूट त्यांच्याकडे टाकला. तेव्हा वर सरांच्या गणिताच्या क्लासला ती रडतच जायची.

माप घेता घेता आपांनी तिला विचारलं, "बेटा, चंद्रावरच्या सुटाले ऐंशी इंच घेर पायजे. चार सारख्या पट्ट्या जोडाच्या. एक पट्टी किती इंच कापशील?"

"वीस."

"मेला तुया अंतराळवीर! शिलाईत दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच जाते का नाही? एकवीस काप. नाही तं सूट चार इंच तंग. चंद्रावर कोण ढिला करून देईन?"

ओवी पोट धरून हसली. मग क्लास सुटला की रोज त्या बाकड्यावर.

आपांचे अब्बा अचलपूरच्या फळबाजारात लिलाव पुकारायचे. आपांची शाळा सातवीत सुटली, पण बोलीचे आकडे कानात राहिले. म्हणून त्यांच्या कोड्यांत सूट शिवून झाला की त्याचा लिलाव निघायचा, तोही संत्र्यांत.

"पहिली बोली दहा संत्र्यांची. दर बोली दुप्पट. एका गिऱ्हाइकाजवळ नव्वदच संत्रे. तो कुठवर जाईन?"

"ऐंशी! उरलेले दहा मी खाईन."

ओवी ही कोडी आपांच्या मापाच्या वहीत, मागच्या पानांवर लिहायची. उत्तरं लिहायला बंदी. "उत्तर दिसलं का पोरगं डोकं चालवत नाही," आपा म्हणायच्या. चाळीस झाली होती. साठ झाली की पुस्तक छापायचं, वर अब्बांचं नाव टाकायचं, हे त्यांनी ठरवलं होतं.

हे मीच किशोर सरांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, दोन दिवस वही द्या. छापलं तर नाव आपांचंच. अन् स्कॉलरशिपच्या बॅचमध्ये एक जागा आहे, ओवीसाठी धरून ठेवतो."

ती जागा मला हवी होती. आपांना मी सांगितलं, ओवीला कोडी उतरवून घ्यायची आहेत. त्यांनी काही न विचारता वही दिली. ती मी सरांना दिली आणि दोन दिवसांनी परत आणली.

जूनमध्ये पुस्तक आलं. मुखपृष्ठावर चंदेरी सूट, खाली किशोर सरांचं नाव. आपांचं नाही, अब्बांचं नाही. पहिल्याच कोड्याचं उत्तर वीस छापलेलं.

मी जिना चढून गेले. सर शांत. "कोडी काय कोणाच्या मालकीची असतात, ताई? उत्तरं मी काढली. अन् ओवीला जागा दिलीच ना?"

मी जिन्याकडे वळले.

खाली आले तर पुस्तक मशीनवर पडलेलं. कुणीतरी पोरानं आणून दाखवलं होतं.

"आपा, त्यांनी मला शब्द दिला होता..."

"वही तं मी तुमाले देल्ली होती, ताई. त्याले नाही."

त्यांनी पुन्हा मशीन चालू केली. माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात क्लास सुटला, ओवी धावत आली आणि रोजच्यासारखी बाकड्यावर बसली. "आपा, आज काय?"

मशीन थांबली. आपांनी दातानं दोरा तोडला.

"सांगतो. पण वहीत लिहाचं नाही. अन् तुया आईले भायेर थांबू दे."

मी बाहेर गाड्यांच्या गर्दीत उभी राहिले. थोड्या वेळानं आतून ओवीचं हसू ऐकू आलं. कोडं काय होतं, ते तिनं मला घरी आल्यावरही सांगितलं नाही.