मागे नेलेली तारीख

लेकीची लग्नपत्रिका करायला मी भोरच्या स्टँडसमोरच्या छपाईवाल्यांकडे गेले. त्यांनी नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि त्या चौकटीत वीस वर्षांपूर्वीचा अख्खा कॉम्प्युटर चालू झाला. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी त्यातली तारीख मागे नेली.

मी वैतागले. "अहो, लग्न यंदा आहे!"

"पत्रिकेवर यंदाचीच येईल, ताई. पण ही अक्षरं जुन्या प्रोग्रामातली. त्यांचा परवाना एकाच वर्षाचा हुता, आन् कंपनी तर कवाच बंद पडली. म्हणून आत ते वर्ष म्या संपूच देत न्हाई."

"मग रोज हीच तारीख टाकता?"

"त्या वर्षातली कुठलीबी चालती." त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची उगाच जवळ ओढली. "ह्या दिवशी बायको हितं बसून टायपिंग करत हुती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, ती परत आली न्हाई. फुडची तारीख म्या कदीच टाकली न्हाई."

माझी हिर्डोशीची एसटी सुटून गेली, तरी मी उठले नाही. घरी पोचल्यावर त्यांनी छापून दिलेला लेकीच्या पत्रिकेचा नमुना हातात घेतला आणि लग्नाची तारीख अंगठ्याखाली झाकून कितीतरी वेळ तशीच बसले.