सुमनताईंचं चुन्याचं घर

सुमनताई साळव्यांनी पहिल्याच भेटीत मला भर दुपारी मैदानात झोपायला लावलं. मी नगरपालिकेत नुकताच लागलेला कनिष्ठ अभियंता, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्या नाल्याकाठच्या वस्तीच्या नगरसेविका. वस्तीसाठी बांधायच्या घरांचा नकाशा मी दाखवायला नेला होता. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला, माझ्या हातात परत दिला आणि चुना घेऊन खोलीच्या मापाचा चौकोन जमिनीवर आखला.

"ओ इंजिनियरसाहेब, झोपा आत. लाजताय काय? घर तुम्हीच काढलंय ना?"

मी झोपलो. शेजारी वस्तीतली तीन माणसं झोपली. ताई मोरीच्या रेघेकडे निघाल्या आणि माझ्या पोटापाशी येऊन थांबल्या. "आता मी पाणी प्यायला कशी जाऊ? तुम्हाला ओलांडून? झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, आईने शिकवलं नाही?" सगळी वस्ती हसली. शर्ट तर गेलाच, पण खोली नकाशात सव्वा फुटाने रुंद झाली.

स्वतः ताई जेमतेम पावणेपाच फूट. नाल्याकाठच्या खोलीत त्या सहा जणांत वाढल्या. रात्री जो उठेल तो बाकीच्यांना ओलांडूनच जाणार. "सगळ्यांनी मला ओलांडलं, मग मी वाढणार कशी?" हे त्या भर सभेत, चेहरा गंभीर ठेवून सांगायच्या. नगराध्यक्षांना हसावं की इतिवृत्तात लिहून घ्यावं, कळत नसे.

घरांसाठी जागा होती बदलापूर गावापलीकडे. सातबाऱ्यावर नावं दोन, आमची नगरपालिका आणि शेजारची ग्रामपंचायत. एकाची सही नसेल तर दुसऱ्याला साधं कुंपणही घालता येत नव्हतं. मी मोजणीला गेलो मे महिन्यात, कारण आमच्याकडे मोजणी उन्हाळ्यातच करायची पद्धत. खालच्या अंगाला भेगाळलेली जमीन दिसली. मी नकाशावर तिथे 'पडीक' लिहिलं आणि तीन इमारती बसवून मोकळा झालो, त्यातली लहानशी तिसरी नेमकी त्या भेगांवर. ताईंनी तिसऱ्या इमारतीच्या कोपऱ्यांवर स्वतः बांबूच्या खुंट्या ठोकल्या, आणि त्यातलं एक घर आपलं म्हणून ठरवूनही टाकलं.

उपसरपंच भोईरनाना सही करेनात. "तलाव हाय तो, बाय. आता झोपलाय. श्रावणात ये, मंग बघ."

"झोपू दे की तलावाला! माझी माणसं तिकडे नाल्यावर जागी आहेत, त्यांचं बोला."

दोघांचं भांडण इतकं रंगायचं की आम्ही चहा मागवूनच बसायचो.

श्रावणात ताई वस्तीतल्या बायकांना घरांची जागा दाखवायला घेऊन आल्या. मीही बरोबर होतो. खुंट्यांची फक्त टोकं पाण्यावर दिसत होती. ताईंनी साडी खोचली, गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि स्वतःच्या घराच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मीच लिहिलेलं 'पडीक' आठवून मला स्वतःची फार लाज वाटली. काठावर नाना छत्री घेऊन उभे होते.

"नाना," ताईंनी हाक मारली, "माझ्या घरात बेडूक राहायला आलेत हो. त्यांचा नंबर आधी लागलेला दिसतोय."

"मी बोललो व्हतो ना, बाय," नाना म्हणाले आणि काठावर येताना त्यांना हात दिला.

ऑफिसात मी भराव टाकण्याचा उपाय सुचवला. ताई उसळल्या. "आणि पाणी कुठे जाणार? नानांच्या गावात ना? नाल्याचं पाणी घरात शिरतं तेव्हा काय होतं, ते मला विचारा." मग मुख्याधिकारी म्हणाले, तिसरी इमारत रद्द करू आणि खोल्या लहान करून सगळ्यांना दोन इमारतींत बसवू. ताईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. शर्टाच्या आठवणीने मीच घाईघाईने नको म्हणालो.

उरला एकच मार्ग, दोन्ही इमारतींवर चौथा मजला. लिफ्ट परवडणारी नव्हती. चौथा मजला म्हटल्याबरोबर वस्तीतल्या प्रत्येकाचे गुडघे दुखू लागले. खरे दुखणारे गुडघे ताईंचे होते. आमच्या ऑफिसचा एक जिना चढताना त्या दोनदा थांबत आणि पायऱ्या वाकड्या बांधल्याबद्दल मला बोलत.

"लिहा साहेब. चौथा मजला, पहिलं नाव सुमन साळवे."

मग हळूहळू बाकीची नावं आली. मी 'पडीक' खोडून 'तलाव' लिहिलं आणि नानांनी सही केली.

राहायला गेल्यावर ताई प्रत्येक मजल्यावर दम खायला बसत आणि तिथलं भांडण मिटवूनच उठत. "लिफ्ट नाही म्हणून काय झालं? माझी चार ऑफिसं झाली," असं वर मलाच ऐकवायच्या.

काही वर्षांनी त्या गेल्याचा निरोप आला. चार मजले चढून मी वर पोचलो. खोलीच्या मधोमध पांढऱ्या साडीत ताई निजल्या होत्या. उशाशी बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती. खिडकीतून भरलेला तलाव दिसत होता. वस्ती येत होती, गाव येत होतं. नाना भिंतीला धरून आत आले, पायांशी वाकले, आणि ताईंच्या दुसऱ्या बाजूने हळूहळू बाहेर गेले. दुपारपर्यंत माणसांची रांग त्या खोलीतून फिरत होती. ताईंना ओलांडून कुणालाही जावं लागलं नाही.