मामांच्या खिळ्यावरचा कागद

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शिकवणीच्या वह्या तपासत होतो. उरलेल्या चारही तपासल्या, मगच उठलो. त्यानंतर महिनाभर त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत ‘निर्भीड संपादक’ हे शब्द इतक्यांदा वाचले, की आता मलाही लिहिणं भाग आहे.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो; गोंदियातल्या त्यांच्या साप्ताहिकाची प्रुफं शाळा सुटल्यावर वाचत असे. छापून झालेल्या मजकुराचा प्रत्येक हस्तलिखित कागद मामा मेजावरच्या उभ्या खिळ्याला टोचून ठेवत; कपटाही फेकू देत नसत. सौंदडला पटकीची साथ आली त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं बातमी लिहिली : शिवराम नावाच्या शेतकऱ्यानं रोग्याचे कपडे गावतलावात धुतले. मी म्हटलं, ‘‘एकदा चौकशी करू या का?’’

‘‘अरे, सारा बाजार बोलतोय. छाप!’’

बातमीत सांगितलेल्या दिवशी शिवराम तिरोड्याला लेकीकडे होता. गावानं त्याला तलावाचा घाट बंद केला. त्यानं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. संपादक बाहेरगावी असेल, अंक भरवशाच्या माणसावर सोपवून गेला असेल, तर तो सुटू शकतो, हे वकिलानं मामांना सांगितलं. मामा कोर्टात म्हणाले, ‘‘मी नागझिऱ्याला शिकारीला होतो. अंक भाच्यानं काढला.’’ मॅजिस्ट्रेटनं माझ्याकडे पाहिलं... आई गेल्यापासून मी मामांच्याच घरी वाढलो होतो. मी होकारार्थी मान हलवली. मामा सुटले. दंडाची शिक्षा मला झाली, मास्तरकीही गेली.

बाहेर शिवरामनं मला गाठलं. ‘‘मास्तर, तुमची माही ओळखबी नाही. तुमी कायले लिवसान? गावात म्हनून राहिले, संपादक सुटला मंजे बातमी खरीच. कोनं लिवलं, थे सांगा न!’’

मी मामांच्या मागोमाग चालू लागलो.

गेल्या आठवड्यात मामींनी कचेरी आवरायला बोलावलं. खिळ्याच्या तळाशी तो कागद होता. मामांचं अक्षर, खाली सही, आणि ते नागझिऱ्याला होते म्हणाले त्याच दिवसाची तारीख. इतक्या वर्षांत तो फाडावा असं त्यांना वाटलंच नाही. माझ्या गप्प बसण्यावर केवढा तो विश्वास!

कागद घेऊन सौंदडला गेलो. शिवराम आता म्हातारा झालाय.

‘‘मले कायले दाखवता? मले वाचता येते का? सकाळी घाटावर चाला. साऱ्यायसमोर वाचा.’’

तो घागर घेऊनच आला. मी वाचलं. खिळ्याचं भोक नेमकं शिवरामच्या नावावर पडलं होतं. ते नाव मला पाठ होतं. मामांची सही मात्र अखंड होती.