कॉफी भाजणारा शिवाप्पा

शिवाप्पा आमच्याकडे आला की आधी उंबऱ्याबाहेर थांबायचा. आत चुलीवर काय आहे आणि ते कुठवर आलं आहे, हे वासावरून सांगितल्याशिवाय त्याचं पाऊल आत पडत नसे. "अक्का, डाळ बुडाला लागाय लागली बगा," असं तो बाहेरूनच म्हणे. आमचं लग्न नवीन होतं आणि कमलला परक्या माणसाचं हे सांगणं मुळीच आवडत नसे. पण पातेलं उतरवून पाहावं तर डाळ खरोखरच लागायच्या बेतात असे. पुढे पुढे ती स्वतःच आतून विचारू लागली, "शिवाप्पा, झालं का हो?"

तो मूळचा दुधनीकडचा. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्याची फुटाण्यांची भट्टी होती. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि आमच्या दोन खोल्यांच्या मागची खोली त्याची होती. बायको कधीच वारलेली, एकुलती लेक दुधनीलाच दिलेली. पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने वाळका, हातांना कायम वाळूचा वास. मराठी बोलायचा, पण रागावला की कानडीत. रागवायचा मात्र क्वचितच. हरभरे भाजताना तो कढईकडे पाहतही नसे, मान एका बाजूला कलती करून बसे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "भाजणं म्हंजे कानाचं काम हाय, मास्तर. डोळा लई घाई करतो."

तो कढईकडे का पाहत नाही, याचं दुसरं कारण मला उशिरा कळलं. वर्षानुवर्षांच्या धुराने त्याची नजर अधू झाली होती. उजेड-अंधार कळे, माणसाचा आकार कळे, त्यापलीकडे फारसं नाही. एका बाजाराच्या दिवशी तापलेल्या वाळूचा झारा त्याने बाजूला केला आणि ती वाळू शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या पायांपाशी सांडली. बाईला काही झालं नाही. तिने ते हसण्यावारी नेलं. शिवाप्पाने मात्र दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवलीच नाही. पुन्हा कधीच पेटवली नाही.

त्यानंतर तो दिवसभर खोलीच्या दारात बसून राही. लेकीचा निरोप आला की इकडे येऊन राहा. ते त्याला मरणाहून जड वाटत होतं. "जावयाच्या दारात बसून भाकरी खायाची म्हंजे गिळता गिळत न्हाय," एवढंच तो कमलजवळ बोलला.

त्याच सुमारास सात रस्त्याच्या अलीकडे एक कॉफी क्लब निघाला. मालक उडुपीकडचे, सगळे त्यांना रायरू म्हणत. सोलापूरला तोवर चहाच ठाऊक, कॉफीची गोडी नुकती लागत होती. मागच्या खोलीत कॉफीच्या बिया भाजायला रायरूंना माणूस हवा होता. मी शिवाप्पाबद्दल शब्द टाकला. सोमवारी सकाळी घेऊन या, काम बघून ठरवू, असं ते म्हणाले. मधे आठ दिवस होते आणि शिवाप्पाने जन्मात कॉफी चाखलेली नव्हती.

कमलचे वडील रेल्वेत, गुंतकलला. तिच्या माहेरी रोज कॉफी व्हायची, आणि कच्च्या बियांची पिशवी आमच्याकडे वर्षाला येत असे. ती पिशवी तिने सोडली. शिवाप्पाचा पहिला घाणा करपला. धुराने आम्ही तिघंही बाहेर आलो. करपलेल्या बिया बोटांनी चाचपून तो म्हणाला की हरभरा जे काही सांगायचं ते कढईतच सांगून मोकळा होतो, ही बी मात्र उतरल्यावरही आतल्या आत शिजत राहते, तेव्हा तिला थोडं आधीच उतरवलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी बिया तडतडायला लागल्या तसा तो पुढे वाकला, तडतड विरळ होईतो थांबला आणि कढई उतरवून बिया सुपात पसरल्या. कमलने त्यांची कॉफी केली. तिने एक घोट घेतला. पेला माझ्या हातात दिला आणि आपल्यासाठी दुसरा भरून घेतला.

माझी तयारी वेगळ्या प्रकारची होती. रोज संध्याकाळी मी त्याला त्या कॉफी क्लबात घेऊन जाई. एकेक पेला घेऊन आम्ही बसायचो. दारापासून मागच्या खोलीपर्यंत पावलं किती, पायरी कुठे, बाक कुठे, हे त्याने नीट ध्यानात ठेवलं. हात पुढे करून चाचपडायचं नाही, बोलणाऱ्याच्या आवाजाकडे तोंड करायचं, रंग विचारला तर "झकास आलाय" म्हणायचं, असं मी त्याला शिकवत होतो. नजरेचं कुणाला कळता कामा नये, हे मी त्याला दहादा बजावलं असेल. तो ऐकून घेई. हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

सोमवारी तो धुतलेलं धोतर नेसून निघाला. कॉफी क्लबात पावलं बरोबर पडली, पायरी चुकली नाही. दोघांचं कानडीत बोलणं सुरू झालं, कानडी मला कळण्यापुरती येत होती. रायरूंनी भट्टी दाखवली. शिवाप्पाने घाणा घेतला आणि वेळेवर उतरवला. रायरूंनी चार बिया तळहातावर घेऊन चोळल्या, त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, जिंकलो. त्यांनी सहज विचारलं, "रंग कसा आलाय?"

शिवाप्पा माझ्या बाजूला वळला, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"रंग मला दिसत नाही, रायरू," तो म्हणाला. "माझे डोळे गेल्यात जमा आहेत. वास बरोबर आहे, एवढं सांगतो. भट्टीपाशी येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक पाहिजे, नाहीतर कुणाचा तरी पाय भाजेल."

मी जमिनीकडे पाहत राहिलो. रायरूंनी तळहातावरच्या बिया पुन्हा एकदा पाहिल्या. मग त्यांनी आणखी दोन घाणे घ्यायला सांगितले आणि स्वतः शेजारी बसून राहिले. दोन्ही घाणे उतरल्यावर त्यांनी आचाऱ्याला हाक मारली आणि शिवाप्पा भट्टीवर असताना त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. नेमणूक झाली ती अशी.

घरी येताना मी त्याची माफी मागितली. तो थांबला.

"तुमी माज्या पोटापायी सांगितलं, मास्तर. त्यात वाईट काय न्हाय. पर मला तितं रोज बसायचं हाय की. एक दिस खोटं बोलता येतंय, रोज कसं बोलायचं?"

त्याने तिथे आठ-नऊ वर्षं काम केलं. दुधनीला तो दिवाळीला जायचा, पाहुण्यासारखा, पिशवीत भाजलेली कॉफी घेऊन. जावई स्टेशनवर घ्यायला यायचा, हे तो परत आल्यावर आवर्जून सांगे. त्याची नजर पुरती गेली तरी कामात फरक पडला नाही. संध्याकाळी माझ्याकडून शाळेतल्या गोष्टी ऐकायच्या आणि कमलच्या हातची कॉफी पिऊन "आज जरा कोवळी हाय" किंवा "आज बरूबर" म्हणायचं, हा त्याचा विसावा. त्या वर्षांत मी त्याला कुरकुरताना ऐकलं नाही.

पुढे माझी बदली अकलूजला झाली. निघताना त्याने बियांची पिशवी कमलच्या हातात दिली, आणि गाडीवान खोळंबला आहे म्हणून आम्हालाच निघायची घाई केली.

दोन वर्षांनी रायरूंचं पत्र आलं. त्यांना मराठी लिहायची सवय नव्हती, चारच ओळी होत्या. शिवाप्पा गेला, ताप आला होता, लेक आणि जावई जवळ होते. कॉफी क्लब एक दिवस बंद ठेवला. आता दुसरा माणूस ठेवला आहे, त्याची नजर चांगली आहे. कॉफी बरी होते.