एकाच बॅचची लेकरं

मी माझ्या दोन्ही लेकरांना एकाच दिवशी जन्माला घातलं. कागदावर. प्रत्यक्षात पायल आणि हर्षल यांच्यात सव्वा वर्षाचं अंतर आहे, आणि त्या अंतराची साक्ष द्यायला त्यांची आई, म्हणजे सुरेखा, आजही दिवसातून एकदा तरी तयार असते.

पण आधी निघण्याचं सांगतो. दोघा भावांत जमीन वाटली की हातात शेतापेक्षा बांधच जास्त येतो, म्हणून मी नवापूरला एका पोल्ट्रीवर नोकरी धरली. धानोऱ्याहून टेम्पो निघाला तेव्हा त्यात एक खाट, पाटा-वरवंटा, दादर ज्वारीच्या पिठाची गोणी आणि गोणीवर बसलेली दोन लेकरं होती. माझी आई रस्त्यात उभी राहून अशी रडली, की ड्रायव्हरने मला हळूच विचारलं, "दुबईले चालनात का?" सुरतेला, पुण्याला गेलेल्या दोस्तांनो, हसा खुशाल, आम्ही जिल्हासुद्धा ओलांडत नव्हतो. आईचं रडणं किलोमीटरवर चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही. ते कळलं पुढे, शाळेच्या आवारात, सुरेखाकडे बघताना.

धानोऱ्याला आमची लेकरं कुणाच्याही ओट्यावर जेवायची. नवापूरला शेडच्या बाजूची एक खोली, शेजारी एक घर गुजराती बोलणारं, एक मावची बोलणारं. दिवसभरात सुरेखाशी अहिराणीत बोलणारी माणसं दोनच, आणि दोघांचीही उंची माझ्या कमरेएवढी. मी संध्याकाळी यायचो, पण माझं बोलणं म्हणजे आज किती पिल्लं मेली. तिने म्हणून ठरवून ठेवलं होतं: पायल पहिलीत जाईल आणि हर्षल शाळेच्या आवारातल्याच बालवाडीत. बालवाडीत आईला सुरुवातीचे दिवस बसू देतात. एकेक बोट सोडवायचं, एकदम हात झटकायचा नाही.

फॉर्म भरायला मी गेलो तो नेमका नवी बॅच उतरवून. आमच्याकडे खोक्यांतून हजारो पिल्लं येतात, सगळी एका दिवसाची. वहीत एकच तारीख लिहायची आणि खाली शेवटपर्यंत रेघ ओढायची. पायलचा फॉर्म भरला, हर्षलचा घेतला आणि हात सवयीने चालला. जन्माचे दाखले धानोऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत होते. गुरुजी म्हणाले, नंतर आणा.

शाळेच्या पहिल्या दिवशी लेकरांना फुलं दिली, फुगे दिले आणि गुरुजींनी पहिलीची नावं वाचली. पायल. लगेच हर्षल. सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. आता मला काय वाटावं? मला वाटलं, गुरुजींनी पोराची हुशारी ओळखली! मी तिथूनच गावी फोन लावला, "हर्षलले डायरेक आजच पहिलीमा लिधं!" आईने गल्लीत गूळ वाटला. इकडे पहिलीचं दार लागलं, आणि सुरेखाचे दोन्ही हात एकदम रिकामे झाले.

ती घरी आलीच नाही. वर्गाच्या खिडकीशी कडुलिंबाचं झाड आहे, तिथे उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. हर्षलला गुरुजींची मराठी कळेल का, कुणी त्याच्या बोलण्याला हसेल का, त्याला लघवीला जायचं कसं सांगता येईल. हे सगळं तिने मला एका श्वासात विचारलं. मी म्हणालो, "हुशार शे तो." धन्य माझी.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती थेट शेडवर आली. आजवर कधी आली नव्हती. खाद्याच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "तेनी माले घर धाडी दिनं." झालं होतं असं, की हर्षल पाटी घेऊन खिडकीशी आला आणि आईला म्हणाला, "माय, तू घर जाय. तू उभी ऱ्हास ना, तं मन्हं ध्यान तुन्हाकडेच ऱ्हास." सांगताना ती रडत होती, मग तिचं तिलाच हसू आलं आणि ते थांबेना. पिल्लंसुद्धा घाबरून एका कोपऱ्यात गेली.

त्याच आठवड्यात भाऊ दाखले घेऊन आला. गुरुजींनी दोन कागद शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुन्हा लावला. "जुळी नाहीत का?" मी बॅचच्या वहीचं, त्या रेघेचं काहीतरी पुटपुटलो. सुरेखाला मात्र सगळं समजलं. गुरुजींसमोरच म्हणाली, "कोंबडीना पिलं शेतस का ह्या?"

आमच्या घराण्याचा हा वारसाच म्हणा. माझी आणि भावाची, दोघांची जन्मतारीख एक जून. वडील म्हणायचे, "तारीख कसाले जोयजे? पोऱ्या उना, तेच बहु!"

गुरुजी म्हणाले, नियमाने हर्षल बालवाडीत. म्हणजे सुरेखाला हवं तेच मिळत होतं. मांडीवरचं पोर परत मिळत होतं, शेजारी बसायची परवानगीसुद्धा. मी मनातल्या मनात सुटलो. आणि ही बाई, जी नवापुरात मराठीतून दुकानदाराशीही बोलत नव्हती, ती सरळ उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "गुरुजी, तो माझ्याशिवाय बसायला शिकला. मी त्याच्याशिवाय घरी थांबायला शिकली. लई मुश्किलीने शिकली. आता आम्हाला दोघांना परत पहिल्यापासून नका शिकवू."

गुरुजी हसले. ठरलं असं: नाव बालवाडीत, बूड पहिलीत. पुढच्या वर्षी रीतसर पहिली. नापास न होता एकाच वर्गात दोनदा बसणारा आमच्या खानदानातला तो पहिलाच. मी पहिलीत दोनदा बसलो होतो, पण ते वेगळ्या कारणाने.

आई अजून फोनवर विचारते, "घर कवय येशी?" पूर्वी मी दिवाळीचा वायदा करायचो. आता दुपारी शाळेची घंटा शेडपर्यंत ऐकू येते, दोन दप्तरं धावत येतात, कुणाला न विचारता आमच्याच दाराकडे वळतात, आणि आतून सुरेखाचा आवाज येतो, "पाय धुवा रे!" मी आईला सांगतो, "घरच शे मी, माय."

यंदा जूनमध्ये लिंबाखाली नव्या आया उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांच्यामध्ये सुरेखा. थोडी अहिराणी, थोडी मावची, उरलेलं हातवारे. "तीन दिन रडानं. चौथे दिन घर जावानं," असं नेमून देत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो; छाती अशी भरून आली, की त्याच भरात खिशातून पेन काढलं आणि हर्षलच्या नव्या फॉर्मला हात घातला.

दुसरीत गेलेल्या पायलने फॉर्म माझ्या हातातून ओढून घेतला. "मी लिखस. पप्पा, तुम्ही फक्त सही करा. आनि सहीखाले तारीख टाकू नका."