काट्याची ब्रँच
माझ्या भागीदाराने मला फसवले. सरकीचा वास आला की जिंतूरची ती दुपार आठवते. त्या दुपारी वेगळे होताना आमचे कापूसखरेदीचे ॲप माझ्या वाट्याला आले होते. कोड सांभाळणाऱ्या गिटने दाखवलेल्या ब्रँचच्या, म्हणजे कामाच्या वेगवेगळ्या फांद्यांच्या, नावांवरून त्याने एक स्क्रिप्ट तयार केली, प्रत्येक ब्रँचचे काम माझ्या पेनड्राइव्हवर काढले आणि आपला लॅपटॉप साफ केला. घरी पाहतो तर सगळ्या ब्रँच होत्या, फक्त जिच्यावर आमचे काम चालू होते ती वजनकाट्याचीच नव्हती. फोनवर म्हणाला, "शेठ, चालू ब्रँचच्या नावापुढं चांदणीची खूण ऱ्हाती. स्क्रिप्टनं ती ओळच सोडली." "आन् तुझे डोळे कुठं गेलते रे?" "लय तापू नका, मशीन हाय ते!" मशीनला नेमकी तीच कशी सुचली, मला अजून कळत नाही. आता तो तसाच वजनकाट्याचा प्रोग्रॅम परभणीत विकतो. लॅपटॉप पुसण्याआधी पेनड्राइव्हवर काय आले ते मला एकदा का दाखवले नाही, याचा जवाब त्याने चार माणसांत द्यावा.